आरोपीविना रहस्यकथा

झुंजार, काळापहाड आणि धनंजय यांच्या करामतींनी मराठी वाचकांची झोप उडविणाऱ्या बाबुराव अर्नाळकरांच्या नावात जे अर्नाळा आहे, ते आजच्या पालघर जिल्ह्याच्या समुद्रकाठी वसलेले आहे. तेव्हा त्याच जिल्ह्याच्या डोंगरमाथ्यावर, जव्हार-मोखाड्यात, एखाद्या होतकरू लेखकाने सेवानिवृत्त फौजदारास नायक करून विनोदी गुन्हेकथा रचावयास काय हरकत आहे? १९९२-९३ साली याच भागात, वावर-वांगणीच्या परिसरात, शंभराहून अधिक आदिवासी बालके दगावली, हे जगजाहीर आहे. प्रेतांची वाण नाही, गुन्हेगार तेवढा हुडकावयाचा.

फौजदाराचा अधिकार गेला असला तरी पंचनाम्याची खोड गेलेली नाही. तो मरणाचे कारण पाहू जातो, तो दप्तरात कोठे न्यूमोनिया, कोठे जन्मतः कमी वजन, कोठे अपुऱ्या दिवसांची प्रसूती. भूक नावाच्या इसमाची नोंदच नाही. मुद्देमाल म्हणावा, तर अंगणवाडीतली दंडाचा घेर मोजण्याची तीनरंगी फीत: साडेअकरा सेंटिमीटरांखाली ती लाल दाखविते. मनगटांना बेड्या ठोकण्यात हयात घालविलेल्या त्या गृहस्थास कळून चुकते की, आपली बेडी अशा मुलाच्या दंडावरूनसुद्धा निसटेल.

संशयितांचे जबाब तर नमुनेदार. आहारास मंजुरी देणारा म्हणतो, आदेश वेळेवर निघाला. पुरवठादार म्हणतो, बिल निघाले नाही. डॉक्टरांचे पद रिक्त, सबब गैरहजर राहावयास कोणी नव्हतेच. आणि आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले असल्याने बालकाच्या नावापुढे ‘लाभार्थी स्थलांतरित’ असा शेरा. १९९५ साली असे मृत्यू रोखण्यासाठी नवसंजीवन योजना आली, २०१४ साली ठाण्यातून फोडून हा नवा जिल्हा झाला; गुन्ह्याच्या वेळी शासन अन्यत्र कार्यमग्न होते, याचा याहून भक्कम पुरावा कोणता?

शेवटच्या प्रकरणात फौजदार तपास मिटविण्याची ‘समरी’ लिहावयास बसतो. ‘अ’ लिहावी, तर गुन्हा खरा पण आरोपी अज्ञात असे होते, आणि येथे तर सर्वांचे हुद्दे ठाऊक; ‘ब’ लिहावी, तर फिर्याद खोटी ठरते, आणि पुरलेली पोरे काही खोटी नव्हेत. उरली ‘क’: गुन्हा खराही नाही, खोटाही नाही. ती मात्र त्याला लिहावी लागत नाही. सरकारने तीस वर्षांपूर्वीच सही करून ठेवलेली असते, फक्त तारीख कोरी सोडून.