न टाकलेल्या चेंडूचं मोल

मुंबई इंडियन्सच्या दूरदृष्टीला मुरुडच्या पुळणीवरून आमचा सादर प्रणाम. जोफ्रा आर्चर त्या हंगामात खेळणार नाही हे ठाऊक असूनही संघाने 2022च्या लिलावात त्याच्यासाठी 8 कोटी मोजले. टवाळांनी नाकं मुरडली. पण हिशेब तरी पाहा. संघ पहिले 8 सामने ओळीने हरला, तळाला गेला. आर्चरला मात्र अख्ख्या हंगामात एक षटकार बसला नाही! वाइड नाही, नो-बॉल नाही. पुढच्या वर्षी कुणाच्या तरी आग्रहाने तो मैदानात उतरला आणि 5 सामन्यांत 2 बळींवर येऊन ठेपला. धोरणातून ढळलं की हे असं होतं.

आम्हा मुरुडकरांना यात नवल नाही. जंजिऱ्यावरची कलालबांगडी तोफ पाहायला लोक राजपुरीहून शिडाच्या होडीने जातात, तिच्याशेजारी फोटो काढतात. ती उडणार कधी, असं कुणी विचारतं?

हाच धडा गिरवत आमच्या आळीच्या संघाने यंदा टेनिस बॉलच्या लिलावात सगळी वर्गणी एकाच गोलंदाजावर लावली. तो कुवेतला असतो. सुट्टी पावसाळ्यात, म्हणजे दुखापतीचा प्रश्नच नाही. चषक आमचाच होता. पण खालच्या आळीने ऐन वेळी कुवेतचाच सलामीवीर उचलला. दोघं तिथे एकाच खोलीत राहतात म्हणे. लढत अटीतटीची होणार.