मिग-२१ : भरती प्रलंबित

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला भारतीय हवाई दलाने मिग-२१ला निरोप दिला. १९६३ ते २०२५, बासष्ट वर्षांची नोकरी. टीव्हीवर विमानांना पाण्याच्या फवाऱ्यांची सलामी चालू होती आणि माझ्या टेबलावर त्याच मिग-२१चं एकास बहात्तर मापाचं प्लास्टिकचं किट अर्धवट पडलं होतं. तिकडे एक विमान सेवानिवृत्त होत होतं, इकडे दुसऱ्याला अजून चाकं बसायची होती. बायकोने एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा टेबलाकडे, आणि विचारलं, "हे किट २०१६ साली आणलंस ना?"

आमच्या घरात महालेखापालांचे सर्व अधिकार बायकोकडे आहेत. त्यामुळे विलंबाचा खुलासा सादर करणं भाग आहे.

खुलासा पहिला : खोका. खोक्यावर विमान ढग फाडत येत असतं. ब्रिटनच्या एअरफिक्ससाठी रॉय क्रॉस या चित्रकाराने १९६० च्या दशकात अशी काही चित्रं रंगवली, की जगभरचे छंदिष्ट अजूनही चित्रच विकत घेतात आणि आतलं प्लास्टिक वर फुकट मिळालं असं समजतात. माझ्या खोक्यातून निघाल्या राखाडी प्लास्टिकच्या चार जाळ्या. त्यांतून एकेक भाग खुडायचा, मेथी निवडावी तसा. फरक एवढाच, की मेथीला देठ राहिला तर भाजी बिघडत नाही. इथे देठाचा कण राहिला की पंख बसत नाही आणि जास्त घासला तर पंखच राहत नाही.

त्यात वण. साच्यात वितळलेलं पॉलिस्टायरीन थंड झालं की त्याला बाहेर ढकलायला पोलादी खिळे असतात, आणि प्रत्येक खिळा जाताना आपली गोल खूण सोडून जातो. ही खूण आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशी ठेवता आली असती. पण माझ्या किटाचा साचा करणाऱ्याने ती चाकांच्या दारांवर ठेवली आहे, घराला पाटी लावावी तशी.

खुलासा दुसरा : माप. एकास बहात्तर म्हणजे सहा फुटी माणूस एक इंचाचा. हिशोब स्वच्छ आहे. (सगळीच मापं इतकी सात्त्विक नसतात. रणगाड्यांचं एकास पस्तीस हे माप जपानच्या तामिया कंपनीमुळे रूढ झालं. त्यांच्या पँथर रणगाड्यात मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्या होत्या. त्या मावल्या, मग माप मोजलं, तर ते पस्तीस भरलं. एका उत्पादकाची अडचण पुढे जगाचं शास्त्र झाली.) पण बहात्तरचा हिशोब उलट केला की झोप उडते. माझ्या पंखाच्या सांध्यातली १ मिलिमीटरची फट म्हणजे खऱ्या विमानात ७.२ सेंटिमीटरची. मांजरीचं पिल्लू आत-बाहेर करू शकेल. मी दिलेला रंग ०.१ मिलिमीटर जाड झाला असेल, तर तो खऱ्या विमानावर ७ मिलिमीटरचा गिलावा आहे. असं विमान धावपट्टीवरून उचलायला क्रेन लागेल.

खुलासा तिसरा : गोंद. मॉडेलचा गोंद चिकटवत नाही, तो प्लास्टिक विरघळवतो आणि दोन्ही कडा एकजीव करतो. त्याला बोट आणि प्लास्टिक यांतला फरक मात्र कळत नाही. माझ्या मिगच्या डाव्या पंखावर माझ्या अंगठ्याचा ठसा आहे, रेषान् रेष. एका कचेरीतल्या यंत्रावर हाच अंगठा चार वेळा दाबूनही उमटला नव्हता. काचेवरही ठसा नको म्हणून वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेला दुसरा, झटपट चिकटणारा गोंद वापरला. त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी साचते, हे सगळ्या छंदिष्टांना माहीत असतं, पहिल्या काचेनंतर. माझ्या वैमानिकाला मोतीबिंदू झाला.

तसा या वैमानिकाचा मुक्काम आतच आहे. त्याचं डोकं मसुरीच्या डाळीएवढं. भिंग लावून, श्वास रोखून त्याला दोन डोळे काढले. मग सूचनापत्रात पाहिलं तर त्याला प्राणवायूचा मुखवटा आणि काळी काच असलेलं शिरस्त्राण होतं. त्याच्या पुढ्यातल्या तबकड्या रंगवण्यात तीन आठवडे गेले. त्यानंतर विमानाच्या पोटाचे दोन भाग मिटले. आत काय आहे ते आता मला ठाऊक आणि देवाला, आणि देव साक्षीला येत नाही.

खुलासा चौथा : डी-१४. हा भाग तिळाएवढा. चिमट्यातून सुटला आणि टुणकन उडाला. "काका, तुमचं विमान उडतं का?" असं सोसायटीतला प्रत्येक मुलगा विचारतो. त्यांच्या माहितीसाठी : एवढाच भाग उडाला. मी बॅटरी घेऊन पालथा पडून कपाटाखाली शोधलं. केर काढणाऱ्या मावशींना दोन दिवस खोलीबंदी केली. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या समाधानासाठी केरभरणीतला एक कण आणून दिला. ती मोहरी होती. दिवाळीच्या साफसफाईत कपाट हलवलं तेव्हा खाली एक चाक सापडलं, पण ते २०१२ सालच्या रणगाड्याचं.

पावसाळ्याचे चार महिने रंगकाम बंद. दमट हवेत लॅकर मारला की त्यावर पांढरी साय धरते. उरलेल्या आठ महिन्यांत पाहुणे.

खुलासा पाचवा : तज्ज्ञ. या छंदात रिव्हेट मोजणारी एक जमात आहे. त्यातले एक गृहस्थ मुद्दाम विमान बघायला घरी आले. त्यांनी चहा घेतला, विमानाकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे टाइप ९६ आहे की बिस?" ही मिग-२१चीच दोन रूपं. मी बिस म्हणालो. "मग पाठीचा कणा जाड हवा," ते म्हणाले, आणि माझ्या पाठीतून कळ गेली. कणा खरोखरच बारीक होता. कंपनीने जुन्याच साच्यातलं विमान नव्या खोक्यात घातलं होतं. जाताना ते म्हणाले, "पण रंग छान बसलाय." रंग अजून दिलेलाच नव्हता.

तरीही २०२५च्या दिवाळीच्या आत मी विमान पुरं केलं. केशरी-पांढरी-हिरवी वर्तुळं पाण्यात भिजवून पंखांवर सरकवली. एक वर्तुळ दुमडून स्वतःलाच चिकटलं, ते आता अर्धवर्तुळ आहे. नाकावरची लांब पिटो नळी दोनदा तुटली आणि दोनदा जोडली. विमान चाकांवर उभं केलं. ते क्षणभर उभं राहिलं आणि आदबीने शेपटीवर बसलं. सूचनापत्राच्या कोपऱ्यात जपानीत एक ओळ होती, शेजारी छोट्या गोळ्याचं चित्र. नाकात शिसं भरायचं होतं. नाक आता कायमचं बंद होतं.

खाली पार्किंगमध्ये मुलांनी किल्ला केला होता. विटा, पोतं, माती, चार दिवस. वर हळीव उगवलेलं. महाराज दरवाज्यापेक्षा उंच, मावळा बुरुजापेक्षा जाड, पायथ्याशी वाघ आणि वाघाशेजारी शांतपणे उभी गाय. कुठल्याच मापाचा कुठल्याच मापाशी संबंध नव्हता आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांनी माझं विमान मागितलं. मी दिलं. त्यांनी ते माचीवर ठेवलं. ते सवयीप्रमाणे शेपटीवर बसलं, नाक आभाळाकडे. मुलांनी टाळ्या पिटल्या : "काका, टेक ऑफ!"

नऊ वर्षांत माझ्या विमानाला मिळालेली ही पहिली नेमणूक. कण्याबद्दल कुणी विचारलं नाही. भाऊबीजेला ते परत आलं. पिटो नळी तिसऱ्यांदा तुटली आहे.

महालेखापालांनी खुलासा वाचून फाइल बंद केली, पण पुढच्या खर्चाला मंजुरी देण्याआधी नवा खोका घरात आलेला त्यांना दिसला. आत सुखोई-३० आहे. मिग-२१सारखंच हे विमानही नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात तयार झालं आणि सध्या सेवेत आहे. हवाई दलाला नम्र विनंती, की त्याला निवृत्त करायची घाई करू नये. मला थोडा वेळ लागेल.