महिन्याचा नाही, तासाचा हिशोब करा

भाऊबीजेला माझा भाचा रात्री साडेअकराला घरी पोचला. भाचीचं निरांजनात दोनदा तूप घालून झालं होतं. पाटावर बसताना त्याने खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढून शेजारी ठेवला. ती ओवाळत असतानाच फोन वाजला. शटरचा अलार्म वाजत होता, म्हणून कुंकू ओलं असतानाच तो गॅलरीत पळाला. पुण्यातल्या एका मॉलमध्ये, कपड्यांच्या दुकानात तो स्टोअर मॅनेजर आहे. जेवताना म्हणाला, "मामा, वर्षाला 4 लाख 80 हजार म्हणजे बरा पगार ना?"

कागद-पेन घेऊन बसलो. सीटीसी महिन्याला 40 हजार. त्यात कंपनीचा पीएफ 1,800, ग्रॅच्युइटीचे 962 आणि टार्गेट झालं तरच मिळणारे 4,000. हे सगळं वजा केल्यावर खात्रीचे उरले 33,238. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ आणि व्यवसाय कर जातो तो वेगळाच. ग्रॅच्युइटी तर कायम नोकरीत 5 वर्षं काढल्याशिवाय दिसतही नाही. तरी तिला पगार म्हणायचं?

आता तास मोजू. ओपनिंग तोच करतो, क्लोजिंगही तोच. जेवण-चहा वगळून रोज 11 तास, महिन्याचे 26 दिवस. तासाला 116 रुपये पडले.

त्याच्या हाताखालच्या सेल्समनला 20 हजार मिळतात. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली आणि जादा कामाला दुप्पट दर दिला. म्हणजे दिवसाला 8 तास धरले, तर सेल्समनचा तास 96 रुपयांचा आणि ओव्हरटाइमचा 192 चा. भाच्याएवढे, रोज 3 तास जास्त तो थांबला असता, तर महिन्याला 15 हजार वर मिळून त्याचे 35 हजार झाले असते. साहेबापेक्षा जास्त! अर्थात एवढा ओव्हरटाइम कायदा त्याला करूच देत नाही, तिमाहीची मर्यादा आहे. भाच्याला मात्र ना मर्यादा, ना दुप्पट दर. कारण व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांना हा कायदा लागूच नाही.

मॅनेजर हा शब्द एवढा स्वस्त पडतो. छातीवर बिल्ला लावला की जादा तास फुकट.

आणि जबाबदारी? ऑडिटमध्ये स्टॉक कमी भरला की इन्सेंटिव्ह त्याचा कापतात. कॅश टॅली होईना, तर रात्री बारापर्यंत तोच बसतो. सेलच्या आठवड्यात दोन पोरं न सांगता गैरहजर राहिली, तर ट्रायल रूमसमोरच्या कपड्यांच्या ढिगाला घड्या घालायलाही तोच. त्याच्या बुटांच्या टाचा बघा, वर्षात दोन जोड झिजतात. तो सुट्टी ठरवू शकत नाही, माणूस नेमू शकत नाही, शंभर रुपयांची सूट स्वतःच्या अधिकारात देऊ शकत नाही. मग तो व्यवस्थापन कशाचं करतो? ज्याच्या हातात अधिकार नाही, त्याचा ओव्हरटाइम पदाच्या नावाखाली बुडवणं मला साफ नामंजूर आहे.

अशा पदांची यादी संकेतस्थळावर, ते नसेल तर दुकानात दर्शनी जागी लावावी, असं तोच कायदा सांगतो. भाच्याने ती कधी पाहिलेली नाही. आधी ती माग, म्हटलं. शेजारच्या दुकानातल्या मित्राला किती मिळतात, हे नंतर विचार. तोही 11 तासच उभा असेल, तर त्याच्या पगारावरून तुझा पगार योग्य आहे हे ठरत नाही.

एप्रिलच्या अप्रेजलसाठी त्याने आता रोजची येण्या-जाण्याची वेळ वहीत टिपायला घेतली आहे. मागण्यांची यादीही केली: ठरलेले तास, नाहीतर त्या तासांचे पैसे, स्टॉकच्या तुटीची कपात बंद. भाचीने वही ओढून घेतली आणि सगळ्यात वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, भाऊबीजेची सुट्टी.