फोनची बडतर्फी
भिवंडी तालुक्यातील दिघाशीच्या खातेदारास, १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सरकारने त्याच्याच हाती सोपविल्यामुळे, बांधावर उभे राहून भाताचे छायाचित्र सरकारदप्तरी रुजू करण्यापुरता स्मार्टफोन आवश्यक झाला, हे निर्विवाद. परंतु त्याच तालुक्यातील गोदामांतून दरसाल जो नवा अवतार बाहेर पडतो, त्याचे तिसरे भिंग व किंचित पालटलेला रंग पाहून पूर्ण सक्षम अशा जुन्या यंत्रास बडतर्फ करण्याचा हुकूम कोणत्या कसुरीवरून निघतो, याचा खुलासा कोणा विक्रेत्याने केल्याचे ऐकिवात नाही. भात एका भिंगातूनही तितकेच हिरवे दिसते. सप्टेंबरात, बहुधा पितृपक्षाच्या आगेमागे, ॲपल नव्या आयफोनची द्वाही फिरविते आणि कालपर्यंतचे राजमान्य राजश्री तत्क्षणी माजी होतात. हप्त्यांची वसुली तेवढी त्यांच्याच नावे बिनबोभाट चालू राहते.