पिनकोडसकट सिनेमा

इफ्फी हा चित्रपट महोत्सव २००४ साली पणजीत आला आणि त्यात दोडामार्गाचं झालंच तर एवढं नुकसान झालं की मी जाणकार झालो. दर नोव्हेंबरात अस्नोड्यावरून म्हापसा, तिथून पणजी. गळ्यात पास, खांद्याला महोत्सवाची झोळी. परत आलो की चहाच्या टपरीवर कुणी नव्या हिंदी सिनेमाचं नाव काढलं तरी मी डोळे मिटून सुस्कारा सोडायचो. लोक बिचारे विषय बदलून तिलारीच्या हत्तींवर जायचे.

मग 'साइट अँड साउंड' या सिनेमाच्या नियतकालिकाने २०२२ साली घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात शांताल आकेरमान यांचा 'जान दिएलमान' पहिला आला. 'सिटिझन केन', 'व्हर्टिगो' मागे पडले. १९७५ चा सिनेमा, २०१ मिनिटं, आणि नावातच ब्रसेल्सच्या घराचा पत्ता, पिनकोडसकट. एक विधवा बाई तीन दिवस घरकाम करते. कॅमेरा जागचा हलत नाही. मी तो आधी पाहिला होता, म्हणजे सुरू केला होता. गावाला संथ सिनेमाची गोडी लावायला याहून चांगलं काय, म्हणून पडवीत चादर ताणली, प्रोजेक्टर मागून आणला, आणि 'कालाचा अनुभव' या विषयावर प्रास्ताविक केलं. ते जरा लांबलं.

मावशी पुढ्यात बसली होती. डीक लागू नये म्हणून हाताला खोबरेल चोपडून ओले काजू फोडत. पहिल्याच दुपारी त्या बाईकडे एक पुरुष येऊन गेला. मी खोकायच्या तयारीत.

"पावणो चाय न घेताच गेलो?" शेजारची काकू.

"घोव नाय, पोरगो शिकता. पैशे खंयसून येतले?" मावशीने निकाल दिला. बाईने पैसे टेबलावरच्या सुपाच्या भांड्यात टाकले, तेव्हा पडवीतल्या सगळ्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. कुणाच्या तांदळाच्या डब्यात किती आहेत, ते त्यांनाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी बाई पातेलं हातात घेऊन घरभर फिरायला लागली.

"बटाटे गळले. आता हिचां कायतरी बिनसलां."

समीक्षकांनी याच बटाट्यांवर पानंच्या पानं लिहिली आहेत. त्यातली बरीचशी वाचून मी माझं मत बनवलं होतं. मावशीला पातेलं पुरलं. मग बाई नवे बटाटे आणून सोलत बसली. बसलीच.

"आडाळ्यार बसान सोलल्यान तर एवढो येळ लागाचो नाय."

हे मी ऐकलेलं शेवटचं वाक्य. जाग आली तेव्हा चादर पांढरी होती आणि बायका चपला शोधत होत्या. चर्चासत्रासाठी काढलेले मुद्दे माझ्याच छातीवर पडले होते.

"शेवटी काय झालं?" मी हळूच विचारलं.

"तुका म्हायत आसा मां? तूच सांगी होतस."

मी मान हलवली. अर्थपूर्ण हलवली. काकूला दया आली. "कातरेन भोसकल्यान गे, तिसऱ्या पावण्याक."

मावशी टरफलं सुपात भरत होती. मध्यरात्री सुरू झालेला दशावतार उजाडेपर्यंत बघत आलेली बाई ती, तिची तक्रार वेगळीच होती. "लवकर आटापला रे. पुढल्या खेपेक जरा मोठो आण."

बेला तारचा 'सातांतांगो' सात तासांहून मोठा आहे. तो माझ्याकडे आहेही. मिळत नाही म्हणून सांगून टाकलं.