अणुकवी

देवनारचा कवी झोळीवरून ओळखू येत नाही. शेजारी अणुशक्तिनगर असल्यामुळे तो बीएआरसीतून निवृत्त झालेला तरी असतो, नाहीतर तिथल्या कुणाचा मेहुणा तरी. त्याच्या कवितेत चंद्र येत नाही, चंद्राचं गुरुत्वाकर्षण येतं. प्रेयसी 'प्रतिकण' असते. भेट झाली की दोघांचे गामा किरण होतात आणि मागे कुणीच उरत नाही, हे तो बायकोच्या वाढदिवशी तिलाच वाचून दाखवतो.

कुणी नाक मुरडलं, की तो श्रोडिंगरला पुढे करतो. त्याचाही कवितासंग्रह निघाला होता, १९४९ साली! मॅक्सवेलसुद्धा कविता करायचा! त्या दोघांच्या नावावर समीकरणंही आहेत, एवढा तपशील मात्र गाळतो.

हायझेनबर्गने अनिश्चिततेचं तत्त्व मांडलं १९२७ साली आणि देवनारचं डम्पिंग ग्राउंड सुरू झालं तेही १९२७ सालीच. या योगायोगावर त्याचं खंडकाव्य चालू आहे. त्यातला एन्ट्रॉपीचा सर्ग वाऱ्यावर अवलंबून असतो. वास आला की खिडक्या बंद, लेखणी चालू. पण घरभर पसरलेला वास आपणहून गोळा होऊन कचऱ्याच्या डोंगराकडे परत जात नाही, हा थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम त्याच्याइतका सोपा करून आम्हाला कॉलेजातही कुणी सांगितला नव्हता. श्रेय द्यायलाच हवं.

कोजागिरीला गच्चीवर त्याने प्रकाशालाही मागे टाकणाऱ्या कणाची कविता म्हटली. जेईईची तयारी करणारा तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा म्हणाला, "काका, पाण्यात. निर्वातात नाही. पाण्यात प्रकाश मंदावतो, म्हणून कणाला जमतं."

"माहितीय रे. 'पाण्यात' घातलं की मात्रा वाढतात."

कविता मुक्तछंदात होती.

खरं तर तोच कण पाण्यातून जाताना निळा प्रकाश सोडतो. तुर्भ्याला १९५६ साली सुरू झालेल्या अणुभट्टीच्या पाण्यात तो दिसला आणि नेहरूंनी तिचं नाव 'अप्सरा' ठेवलं. पुढच्या भट्ट्यांना 'पूर्णिमा', 'ध्रुव' अशी नावं मिळाली. सगळ्या खंडकाव्यापेक्षा मला ही तीन नावंच जास्त कविता वाटतात. हे त्याला बोलून दाखवलं, तर दुसऱ्याच दिवशी 'अप्सरे'वर सोळा कडवी तयार!

तेव्हा देवनार डेपोपाशी पिवळी फाइल घेतलेला गृहस्थ भेटला, तर खुशाली जरूर विचारा. 'सध्या नवीन काय?' एवढं मात्र विचारू नका.