उंचीराव

गणपतींचं विसर्जन झालं की म्युनिकच्या मराठी मंडळींना दोन प्रश्न पडतात. दिवाळीच्या फराळात कोणी काय करायचं, आणि फेब्रुवारीत फाशिंगच्या सुट्टीत स्कीइंगला कुठे जायचं. पहिला प्रश्न चहा संपायच्या आत सुटतो. दुसरा उंचीरावांकडे जातो आणि संक्रांतीपर्यंत तिथेच मुक्काम ठोकतो.

उंचीरावांचं खरं नाव वेगळं आहे, पण ते आता फक्त त्यांच्या पासपोर्टला माहीत असावं. आल्प्स हाकेच्या अंतरावर असलेल्या ज्या ज्या शहरात मराठी माणूस नोकरीला लागला, तिथे असा एक नमुना तयार होतोच. झुरिकला आहे, स्टुटगार्टला आहे. आल्प्स हाकेच्या अंतरावर नसूनही लंडनला बरेच आहेत. आमचे उंचीराव मूळचे पुण्याचे. "पुणे 560 मीटर, म्युनिक 520. म्हणजे एवढं शिकून, परदेशात येऊन मी चाळीस मीटर खालीच आलो," असं ते म्हणतात. विनोदाने म्हणतात, अशी आम्ही समजूत करून घेतली आहे.

त्यांचा सिद्धांत सोपा आहे. हजार मीटर वर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. खाली 1000 मीटरवर पाच अंश आणि पावसाची रिपरिप असेल, तर त्याच वेळी 2300 मीटरवर उणे तीनच्या आसपास आणि भुरभुर बर्फ. तेव्हा गाव 2000 मीटरच्या वरच हवं, बाकी सगळं नंतर. सिद्धांतात खोट काढायला जागा नाही. खालच्या गावांमध्ये ऐन हंगामात हिरवेगार डोंगर, मधून तोफांनी फवारलेल्या कृत्रिम बर्फाचा एक पांढरा पट्टा, आणि त्या पट्ट्यावर सगळी दुनिया एकमेकांच्या अंगावर पडते आहे, हे चित्र आता कोणाला नवीन राहिलेलं नाही.

तर मग स्थळं पाहणं सुरू होतं. माहितीपत्रकात छापलेल्या उंचीवर उंचीरावांचा काडीचा विश्वास नसतो. "ही सगळ्यात वरच्या लिफ्टची उंची झाली. मला पायथा सांगा, पायथा!" एकदा कोणीतरी झेरमाट सुचवलं. समोर मॅटरहॉर्न, गावात मोटारींना बंदी, केबल कार थेट 3883 मीटरपर्यंत. घराणं नामांकित, नाव ठेवायला जागा नाही. उंचीरावांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन मिनिटं लॅपटॉपमध्ये डोकं घातलं आणि म्हणाले, "गाव कळसूबाईपेक्षा खाली आहे." पत्रिका परत. किट्झब्युलला हानेनकामची जगप्रसिद्ध शर्यत होते, पण पायथा 762 मीटर; त्यावर बोलायचीही त्यांना गरज वाटली नाही. सेंट मॉरिट्झ 1822 मीटरवर आहे, 1928 आणि 1948 अशी दोन हिवाळी ऑलिंपिक तिथे झाली. थोडं कमी उंच, पण चालवून घेतलं असतं. त्यांच्या अपेक्षा आपल्याला झेपणाऱ्या नाहीत, हे हॉटेलचे दर पाहून कळलं.

हिवाळी सहलीची प्रथा या सेंट मॉरिट्झमध्येच सुरू झाली असं सांगतात. 1864 साली योहानेस बाद्रुट नावाच्या हॉटेलवाल्याने आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली: हिवाळ्यात येऊन बघा, ऊन पडलं नाही तर प्रवासखर्च माझा. पाहुणे आले ते उन्हासाठी. बर्फाची हमी त्यांना कोणी दिली नव्हती आणि त्यांनी मागितलीही नव्हती. उंचीरावांना ही गोष्ट मुळीच आवडत नाही.

त्यांच्या मनातलं स्थळ फ्रान्समधलं, वाल तोरांस. 2300 मीटर. युरोपातलं सर्वांत उंचावरचं स्की-गाव, आणि शेजारच्या दऱ्या धरून 600 किलोमीटरचे उतार. ते जमलं नाही तर 2100 मीटरवरचं तीन्य. तिथे वर ग्रांद मोतची हिमनदी आहे. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी उंचीराव या गावांचे वेबकॅम उघडून बसतात. मलाही एकदा दाखवला. पडदाभर राखाडी रंग, मधोमध एक खांब, खांबापाशी एक लाल ठिपका.

"बघ, काय बर्फ आहे!"

"उंचीराव, काहीच दिसत नाहीये."

"तेच तर म्हणतोय मी!"

फ्रान्समधली अशी बरीचशी गावं पन्नास-साठ वर्षांपूर्वी रिकाम्या डोंगरावर योजून उभी केलेली. घरं बेताची. चौघांसाठी पंचवीस चौरस मीटर, त्यातच स्वयंपाकाचा ओटा, आणि दाराजवळच्या कोनाड्यात एकावर एक दोन बर्थ. नकाशा पाहून वहिनींनी एवढंच विचारलं, "यात चौघांनी एकदम झोपायचं, की पाळ्या लावायच्या?"

वहिनी वाईच्या. उंचीवरून आजवर फक्त त्यांनीच उंचीरावांना गप्प केलेलं आहे. झालं असं की मंडळातल्या एकाने ऑस्ट्रियातलं वार्ट सुचवलं. गाव जेमतेम 1500 मीटरवर, पण हिवाळाभरात मिळून दहाएक मीटर बर्फ पडतो. उंचीराव म्हणाले, शक्यच नाही. तेव्हा वहिनी चकल्या तळता तळता आतून म्हणाल्या, "महाबळेश्वर आणि पाचगणीच्या उंचीत असा किती फरक आहे हो? मध्ये वीस किलोमीटरसुद्धा नाहीत. मग सगळा पाऊस महाबळेश्वरलाच का पडतो?" मुद्दा बिनतोड होता. वायव्येकडून येणारी ओली हवा ज्या डोंगरावर पहिल्यांदा आपटते, तो बर्फाने गाडला जातो. मागच्या रांगेतली उंच उंच शिखरं उरलंसुरलं वेचतात. उंचीमुळे पडलेला बर्फ टिकतो, पण पडायला वारं योग्य बाजूचं लागतं. उंचीरावांनी या माहितीसाठी लॅपटॉपवरच्या आपल्या गावांच्या तक्त्यात नवा रकाना केला आणि तो रिकामा ठेवला.

दुसरा घाव पुण्याहून आला. पुतण्या गुलमर्गला जाऊन आला आणि त्याने व्हॉट्सॲपवर लिहिलं, "काका, आमचा पायथाच 2650." घरात सुतक पडल्यासारखी शांतता पसरली. मग उंचीरावांनी त्याला अक्षांश समजावून सांगणारा दीर्घ संदेश धाडला. गुलमर्ग 34 अंशांवर, आल्प्स 45 ते 47 अंशांवर. गुलमर्गला पायथ्याशी देवदार-पाइन उभे असतात, तर आल्प्समध्ये 2000 मीटरच्या आसपास झाडं संपतात. "आमच्याकडे वर एकसुद्धा झाड नाही," असा त्यांनी अभिमानाने शेवट केला.

झाड नसणं म्हणजे काय, ते आम्ही एका फेब्रुवारीत त्यांच्याच निवडीच्या गावी पाहिलं. बर्फ मुबलक होता, हमी पुरेपूर पाळली गेली. पण ढग उतरला, वारा सुटला, वरच्या लिफ्ट बंद झाल्या. झाडीतून जाणाऱ्या उतारावर अशा वेळी निदान दोन्ही कडांची काळी खोडं दिसतात, त्यांच्या आधाराने माणूस खाली येतो. इथे आभाळ पांढरं, जमीन पांढरी, मध्ये हवाही पांढरी. उंचीराव उताराच्या कडेला स्की आडव्या लावून उभे होते. अगदी स्थिर. अचानक त्यांना वाटलं की आपण घसरतोय. "अरे, थांबवा!" म्हणून ते ओरडले, ब्रेक लावायला गुडघ्यांत वाकले, स्कीची टोकं एकमेकांत अडकली आणि जागच्या जागी कोसळले. उभा माणूस उभ्या उभ्या पडल्याचं ते पहिलंच उदाहरण असावं, असं मला वाटलं होतं. स्की शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की या धुक्यात हे नेहमीचंच आहे.

त्या शिकवणाऱ्या बाईंची आणि उंचीरावांची ओळख जुनी. ते दरवर्षी नवशिक्यांच्या वर्गात असतात. पायाखाली सरकता पट्टा, मॅजिक कार्पेट म्हणतात तो. पुढे-मागे चार-चार वर्षांची डच पोरं हेल्मेट सावरत उभी. आणि मध्ये उंचीराव, खिशात बाकरवडीचा पुडा. वेग कमी करायला स्कीची टोकं जवळ आणायची, त्याला पोरांच्या भाषेत "पिझ्झा" म्हणतात. बाई "पिझ्झा!" म्हणून ओरडल्या की पोरं थांबतात, उंचीराव बाईंपर्यंत पोहोचतात. हा उतार साठ मीटर लांब असतो. 762 मीटरवरच्या गावात तो जसा असतो तसाच तो 2300 मीटरवरही असतो, फक्त वर बाकरवडी दाताला लागत नाही, दगड होते. सहाशे किलोमीटरपैकी उंचीराव तेवढे साठ मीटर वापरतात, आणि तरी पास मात्र सगळ्या दऱ्यांचा काढतात. "उद्या वाटलं तर?" असं विचारतात. त्याला उत्तर नाही.

पण एक सांगतो. सबंध मंडळात सुट्टीचा सर्वाधिक आनंद हाच माणूस घेतो. आम्हाला आठवडा मिळतो, त्यांना सप्टेंबरपासून मिळतो. आणि डिसेंबरात खालच्या गावी बुकिंग करून चिखलात चालून आलेले लोक जानेवारीत गुपचूप त्यांनाच फोन लावतात, हेही आम्ही पाहिलेलं आहे.

यंदा बऱ्याच घासाघाशीनंतर ऑस्ट्रियातलं ओबरगुर्गल ठरलं. 1930 मीटर. गाडीने तीनेक तासांचा रस्ता आणि हॉटेलात सॉना, या दोन अटी वहिनींच्या. सत्तर मीटर कमी पडतात म्हणून उंचीरावांनी हॉटेलला लिहून सगळ्यात वरच्या मजल्यावरची खोली मागून घेतली आहे. गाडीत एक जागा रिकामी आहे. पेट्रोल आणि ऑस्ट्रियाच्या टोलचा खर्च वाटून घ्यायचा. विंटर टायर आहेत, चाकांच्या साखळ्या आहेत. येणाऱ्याने घाट चढताना दर वळणावर उंची ऐकून घ्यायची तयारी ठेवावी. इच्छुकांनी वहिनींना फोन करावा. उंचीराव सकाळी वेबकॅमवर असतात.